ग्लुटाथिओन: रिपोर्टमध्ये नसलेली ओळ

मागच्या आठवड्यात पाचोऱ्याला घरी होतो. मावसबहिणीचं लग्न ठरलंय. ती म्हणाली, "दादा, जळगावला ग्लुटाथिओनचं इंजेक्शन घेतेय, रंग उजळतो म्हणे. हा रिपोर्ट बघ ना." आणि पावडरचा तपासणी रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाकला. मी कोड लिहिणारा माणूस, पण बसलो वाचत.

ग्लुटाथिओन काही बाहेरची चीज नाही. ग्लुटामिक ॲसिड, सिस्टीन आणि ग्लायसिन ही तीन अमिनो आम्लं जोडून आपल्या पेशीच ते बनवतात. खरं काम करतो सिस्टीनवरचा गंधक. तो इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, मग असे दोन रेणू गंधकाला गंधक जोडून एक होतात. पाण्यात विरघळवून ठेवलं तरी हवेनं हळूहळू हेच होतं. आपल्याकडे मक्यात ॲट्राझिन मारतात ना? तण जळतं, मका उभा राहतो. त्यात मोठा हात मक्यातल्या ग्लुटाथिओनचा. ते ॲट्राझिनला चिकटून त्याला निकामी करतं.

असो. रिपोर्टमध्ये शुद्धता ९८ टक्क्यांच्या वर, जड धातू मर्यादेत. सगळं पास. पण आमच्या धंद्यात लवकर कळतं, जी टेस्ट लिहिलीच नाही ती कधी फेल होत नाही. इथे एंडोटॉक्सिनची ओळच नव्हती, आणि खाली ग्रेड लिहिली होती 'फूड'.

एंडोटॉक्सिन म्हणजे काही बॅक्टेरियांच्या बाहेरच्या आवरणाचे तुकडे. ही पावडर बहुतेक यीस्ट आंबवून काढतात. मध्ये कुठे बॅक्टेरिया शिरले तर ते मेल्यावरही तुकडे उरतात. उकळून जात नाहीत, जंतू अडवणाऱ्या फिल्टरमधूनही निसटतात. तोंडावाटे घेतलं तर सहसा भागून जातं. शिरेत गेलं की थंडी-ताप, बीपी उतरतं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं हेच सांगितलं: खाण्याच्या पूरकासाठीची ग्लुटाथिओन पावडर इंजेक्शनात वापरली गेली, सात रुग्णांना मळमळ, उलट्या, थंडी असा त्रास झाला. फिलिपिन्सनं तर रंग उजळायच्या या इंजेक्शनांबद्दल २०११ मध्येच इशारा दिला होता.

मी तिला म्हटलं, रंगाचं राहू दे, तुझा रंग आजीचा आहे. फक्त एवढं विचार, याच बॅचचा एंडोटॉक्सिन रिपोर्ट आहे का?

तिनं विचारलं. उत्तर आलं, "कंपनीचा माल आहे मॅडम, सगळे घेतात."

पुढचं इंजेक्शन गुरुवारी आहे. मावशीला अजून काही माहीत नाही.