व्हॅलेन्स : कांदा महागला, ही बातमी चांगली की वाईट?

२०२३ च्या दिवाळीआधीची गोष्ट. मी पुण्यात मंडईतून भाजी घेऊन येत होतो, तेवढ्यात निफाडच्या मामांचा फोन आला. मी आधीच वैतागलेलो. म्हटलं, "मामा, कांदा सत्तर रुपये किलो झालाय, माणसाने खायचं काय?" पलीकडून मोठ्ठं हसू. "जाऊ दे की रे अजून वर! चाळीत थोडा राखून ठेवलाय मी."

भाव तोच, कांदाही तोच. मला उणे, मामांना अधिक. या अधिक-उण्याला एक शब्द आहे, व्हॅलेन्स, आणि आज आपण त्याच्यावरच बोलणार आहोत. मूळ लॅटिन, अर्थ साधारण ताकद किंवा क्षमता.

शाळेत आपण त्याला 'संयुजा' म्हणायचो. हायड्रोजनची १, ऑक्सिजनची २, कार्बनची ४. पाठ करा आणि मार्क घ्या. एडवर्ड फ्रँकलंड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये मांडलं की प्रत्येक मूलद्रव्याची इतरांशी जोडलं जाण्याची ठरावीक क्षमता असते. पुढे कळलं की हा सगळा खेळ अणूच्या बाहेरच्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनांचा आहे.

फिजिक्समध्ये याची मजा अजून वाढते. तुम्ही आत्ता ज्या फोनवर हे ऐकताय त्याच्या चिपमधल्या सिलिकॉनचे असे ४ इलेक्ट्रॉन असतात. स्फटिकात ते सगळे मिळून एक पट्टा भरतात, व्हॅलेन्स बँड. पट्टा पूर्ण भरलेला असला की वीज वाहत नाही. सकाळी पावणेनऊची गच्च लोकल डोळ्यांसमोर आणा. माणसं भरपूर, पण कोणीच हलू शकत नाही. साधारण १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळाली की एखादा इलेक्ट्रॉन वरच्या मोकळ्या पट्ट्यात उडी मारतो, आणि मागे राहिलेली रिकामी जागासुद्धा धन प्रभार असल्यासारखी वागते. तुमचा सगळा फोन या उडीवर आणि या रिकाम्या जागेवर चालतो.

इथपर्यंत सगळं स्वच्छ आहे. आकडा अणूचा, आणि तो बघणाऱ्यावर अवलंबून नाही. घोळ पुढे आहे, आणि तो घोळ मी स्वतः घातलेला आहे.

नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी मला एक काम मिळालं. ॲपवर आलेल्या मराठी तक्रारी वाचून त्यांना गुण देणारा प्रोग्रॅम लिहायचा. चांगल्या शब्दाला अधिक, वाईट शब्दाला उणे, मग बेरीज. ज्याची बेरीज सगळ्यात उणे, ती तक्रार सगळ्यात आधी बघायची. या क्षेत्रात त्या गुणालाही व्हॅलेन्सच म्हणतात. स्पॉटिफायसुद्धा गाण्यांना ० ते १ असा व्हॅलेन्स देत आलंय, गाणं आनंदी वाटतं की उदास, त्याचा.

आता "भावा, खतरनाक ॲप आहे" याला माझ्या प्रोग्रॅमने उणे दिले. यावर आम्ही हसलो. पण एक गृहस्थ होते, भाषेवरून वयस्कर वाटायचे. ते लिहायचे, "आपल्या उत्तम सेवेबद्दल धन्यवाद. कृपया माझे अडकलेले पैसे परत मिळाल्यास आभारी राहीन." उत्तम, धन्यवाद, आभारी. बेरीज एकदम अधिक! तक्रार रांगेच्या तळाला. त्यांनी चार वेळा लिहिलं, दर वेळी आधीपेक्षा जास्त नम्रपणे, आणि दर वेळी ते अजून खाली गेले. शिव्या देणाऱ्यांचे पैसे त्याच दिवशी परत गेले होते. हे आमच्या लक्षात आलं तेव्हा कोणी हसलं नाही.

माझी चूक काय होती? मी अधिक-उणे चिन्ह शब्दाच्या आत आहे असं धरून चाललो होतो, संयुजेसारखं.

ज्या माणसामुळे हा शब्द मानसशास्त्रात रुळला, तो कुर्ट लेविन, हे कधीच म्हणाला नव्हता. लेविन पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात होता. १९१७ मध्ये त्याने एक लेख लिहिला, रणभूमी सैनिकाला कशी दिसते यावर. शांततेच्या काळात जमीन सगळीकडे सारखी पसरलेली असते. आघाडीकडे जाणाऱ्या सैनिकाला तिला 'पुढे' आणि 'मागे' असतं. चर म्हणजे आडोसा. घराच्या लाकडात त्याला जळण दिसतं. पुढे लेविनने या ओढीला एक लांबलचक जर्मन शब्द दिला, आउफफोर्डेरुंग्सकाराक्टर (दोनदा रेकॉर्ड केलंय हे!). म्हणजे वस्तूचा आपल्याला बोलावण्याचा गुण. इंग्रजीत येताना त्याचा व्हॅलेन्स झाला. भूक लागलेली असताना वडापाव बोलावतो, तीन खाऊन झाल्यावर तोच नकोसा होतो. चिन्ह आपल्या गरजेतून येतं.

आता राजकारण. अँथनी डाउन्सने १९५७ मध्ये मांडलं की मतदार डावीकडून उजवीकडे एका रेषेवर पसरलेले असतात आणि पक्ष त्या रेषेवर आपली जागा निवडतात. १९६३ मध्ये डोनाल्ड स्टोक्सने याला टोकलं. तो म्हणाला, १९५२ च्या अमेरिकन निवडणुकीत भ्रष्टाचार हा मुद्दा होता, पण भ्रष्टाचार हवा असं म्हणणारा कोण होता? अशा मुद्द्यांवर सगळे एकाच बाजूला असतात. भांडण असतं ते कोण जास्त भरवशाचा यावर. यांना त्याने व्हॅलेन्स मुद्दे म्हटलं. आपल्याकडचं 'बिजली, सडक, पानी' हे त्यातलंच.

मला हे पटतं, पण अर्धंच. यात 'सगळे' कोण, हे कोणीतरी आधीच ठरवलेलं असतं. महागाई कमी करू, हे वाक्य टीव्हीवर कुठलाही पक्ष बिनधास्त म्हणतो, कारण त्याला विरोध कोण करणार? पण त्या महागाईत कांदा असला की लासलगावचा शेतकरी 'सगळ्यां'मधून बाहेर पडतो. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांदा निर्यातबंदी केली. शहरांसाठी तो स्वस्ताईचा निर्णय होता. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर आले, भाव कोसळले. बंदी उठली ४ मे २०२४ ला, ऐन लोकसभा निवडणुकीत. तिथल्या प्रचारात कांदा हा मोठा मुद्दा होता आणि दिंडोरीत विद्यमान केंद्रीय राज्यमंत्री हरल्या. एकट्या कांद्याने हरल्या असं मी म्हणणार नाही. पण दिल्लीतून जो मुद्दा एका चिन्हाचा दिसत होता, त्याला दिंडोरीत दुसरं चिन्ह होतं.

त्या काकांचे पैसे शेवटी परत गेले. प्रोग्रॅममध्ये मी बेरीज काढून टाकली. आता तो आधी दोनच गोष्टी बघतो : या माणसाचं काही अडकलंय का, आणि त्याने याआधी लिहिलंय का. भाषा गोड की कडू, ते नंतर.

आणि हो, जानेवारीत पुण्यात कांदा बऱ्यापैकी स्वस्त झाला. ते सांगायला मी मामांना फोन केला नाही.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडचा असा एखादा शब्द, ज्यावर माझा प्रोग्रॅम हमखास आपटेल, व्हॉइस नोट करून पाठवा. भेटूच!