आपलेच रक्त, आपलेच औषध : घेण्यापूर्वी थोडा विचार
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य सत्रातील भाषण)



मी डॉक्टर नाही. नागपूरच्या गांधीबाग कापड बाजारात चाळीस वर्षे गादीवर मांडी घालून बसलेला व्यापारी आहे. त्या बैठकीची किंमत माझ्या गुडघ्यांनी मोजली. दोन वर्षांपूर्वी मला ‘पीआरपी’ इंजेक्शन सुचविण्यात आले. त्या निमित्ताने जे समजले, ते आपणासमोर ठेवतो.

या उपचारात रुग्णाचेच थोडे रक्त काढून यंत्रात वेगाने फिरवितात. लाल पेशी तळाशी बसतात. वरच्या पिवळसर द्रवातील प्लेटलेट्सचा दाट अंश दुखऱ्या सांध्यात अथवा स्नायुबंधात टोचतात. प्लेटलेट्समध्ये जखम भरून काढणारे घटक असतात, हा त्यामागील विचार. रक्त स्वतःचेच असल्याने ॲलर्जीचे भय अल्प. तथापि काही दिवस वेदना वाढू शकते.

मग गुण किती येतो? चंदीगडच्या पीजीआय संस्थेचा ७८ रुग्णांवरील अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. नुसते सलाईन टोचलेल्यांपेक्षा पीआरपी घेतलेल्यांना अधिक आराम पडला. परंतु सहाव्या महिन्याकडे तो ओसरू लागला. दोन इंजेक्शनांचा लाभही एकापेक्षा अधिक दिसला नाही. पुढे २०२१ साली ऑस्ट्रेलियातील २८८ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षअखेर पीआरपी आणि सलाईन, दोन्ही गटांच्या वेदना कमी झाल्या होत्या, पण जवळजवळ सारख्याच! कूर्चेची झीज रोखण्यातही लक्षणीय फरक आढळला नाही.

मला मात्र ‘कूर्चा नवी येईल’ अशी हमी देऊन तीन इंजेक्शनांचा एकत्रित दर सांगितला गेला होता. ताग्याचा पोत पाहिल्यावाचून आम्ही रंगाचीही हमी देत नाही! मी दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांचे मत घेतले. त्यांनी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, वजनात घट आणि गादीऐवजी खुर्ची सांगितली. गुडघे तरुण झाले नाहीत. पण दुकानाचा जिना आज मी कठडा न धरता चढतो.

पीआरपी निरर्थक आहे, असे माझे म्हणणे नाही. काहींना त्याचा लाभ होतोही. परंतु होकार देण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत : निदान नेमके काय? साधे उपाय करून झाले काय? इंजेक्शने किती व कशासाठी? एकूण खर्च किती? आपल्या ट्रस्टनेही वैद्यकीय साहाय्य देताना रुग्णास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत मिळवून द्यावे, ही या सुवर्णमहोत्सवी वर्षात माझी नम्र विनंती.

जय जिनेंद्र!