छायाचित्रकाराचे पहिले गिऱ्हाईक

छायाचित्रणाचा स्वतंत्र व्यवसाय करू पाहणाऱ्या तरुणाला कॅमेरा कसा धरावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पहिले गिऱ्हाईक कोठे शोधावे, हे सांगणारा मात्र क्वचितच भेटतो. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे, आणि बंगळूर शहरात त्याचा विचार करावयाचा तर टी. एस. सत्यन यांच्यापासून प्रारंभ करणे उचित ठरेल.

सत्यन यांचा जन्म १९२३ सालचा, म्हैसूरचा. विद्यार्थिदशेतच त्यांची छायाचित्रे नियतकालिकांत छापून येऊ लागली होती. तरीही केवळ छायाचित्रणावर पोट भरेल, असे मानण्याजोगी परिस्थिती त्या काळी नव्हती. १९४८ साली बंगळुरात 'डेक्कन हेरल्ड' हे दैनिक निघाले आणि त्याच्या आरंभीच्या काळात सत्यन तेथे छायाचित्रकार म्हणून रुजू झाले. पुढे मुंबईच्या 'इलस्ट्रेटेड वीकली'साठी त्यांनी काम केले. त्यानंतर मात्र महिन्याच्या वेतनाचा आधार सोडून ते स्वतंत्र झाले. 'लाइफ'सारखे अमेरिकन साप्ताहिक, युनिसेफसारखी जागतिक संघटना ही त्यांची पुढची गिऱ्हाइके. १९७७ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७९ साली, आंतरराष्ट्रीय बालक वर्षात, मुलांच्या त्यांनी घेतलेल्या छायाचित्रांचे प्रदर्शन न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात भरले.

हा प्रवास ऐकणाऱ्याला असे वाटण्याचा संभव आहे की, या माणसाच्या मोठमोठ्या ओळखी असाव्यात. वस्तुतः क्रम उलट आहे. आधी काम छापले गेले, आणि छापलेल्या कामाने ओळखी जोडल्या. दूरच्या संपादकाला छायाचित्रकाराचा चेहरा ठाऊक नसतो. त्याच्या टेबलावर एक पाकीट येऊन पडते, एवढेच. त्या काळी असे पाकीट टपालाने जात असे. आत छापलेल्या प्रती, प्रत्येकीच्या पाठीवर टंकलिखित मजकूर : स्थळ, दिनांक, चित्रातील माणूस कोण आणि तो काय करतो आहे. परतीची तिकिटे लावलेला लिफाफाही सोबत जोडावा लागे. ज्याच्या प्रतींच्या पाठी कोऱ्या, त्याची छायाचित्रे उत्तम असूनही परत येत, कारण माहिती विचारत बसण्यास संपादकाला सवड नसते. सत्यन स्वतः लेखकही होते. त्यांनी आपले आत्मचरित्र इंग्रजीत लिहिले आणि कन्नडमध्येही. चित्राबरोबर चार सरळ वाक्ये लिहिता येणे ही या व्यवसायातील अर्धी पुंजी आहे. ही गोष्ट कॅमेऱ्याच्या दुकानात कोणी सांगत नाही.

पहिले गिऱ्हाईक बहुधा ओळखीच्याच वर्तुळात असते. सत्यन यांच्या आधी सुमारे दहा वर्षे, मुंबईत, होमाई व्यारावाला यांच्या बाबतीत हेच घडले. सर ज. जी. कलाशाळेत शिकत असताना त्या आपल्या मैत्रिणींचीच छायाचित्रे घेत. स्त्रियांच्या एका सहलीची त्यांची छायाचित्रे 'बॉम्बे क्रॉनिकल'ने छापली आणि दर चित्रास एक रुपया दिला. आरंभीची त्यांची कित्येक चित्रे पती माणेकशा यांच्या नावावर प्रसिद्ध झाली, कारण अनोळखी स्त्रीच्या नावावर विश्वास ठेवण्यास त्या काळचे जग तयार नव्हते. तो अन्याय होता, हे स्पष्टच आहे. पण सहलीला निघालेल्या स्त्रियांचा घोळका हाही वृत्तपत्राचा विषय होऊ शकतो, हे त्या तरुणीने ओळखले, आणि तेथेच तिचा व्यवसाय सुरू झाला.

आता बंगळूरकडे वळू. कार्तिक महिन्याच्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत मोठ्या नंदीच्या देवळाजवळ शेंगांची जत्रा भरते. 'कडलेकाई परिशे' हे तिचे कन्नड नाव. कॅमेरा घेतलेले शेकडो हौशी तेथे जातात आणि शेंगांच्या राशीमागे बसलेल्या म्हातारीचे एकेक सुंदर चित्र घेऊन परततात. असे एकटे चित्र कोणाला हवे असणार? तेच एखाद्याने आदल्या रात्री गाठोडी उतरवणारा शेतकरी, पहाटेचे मोजमाप, नंदीला वाहिलेल्या शेंगा, दुपारची घासाघीस आणि दुसऱ्या दिवशीचा टरफलांचा सडा अशी आठ चित्रे क्रमाने घेतली, शेतकऱ्याचे गाव विचारून टिपले, तर ते मासिकाच्या दोन पानांचे काम होते. आणि गाव विचारायचे तर कन्नड बोलता आले पाहिजे. या शहरात व्यवसाय करू इच्छिणाऱ्या मराठी तरुणाने महागड्या भिंगाआधी चार महिने कन्नडवर खर्च करावेत.

वृत्तपत्रांपलीकडेही गिऱ्हाइके आहेत. १९४० साली वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने येथे विमानांचा कारखाना निघाला. पुढे दूरध्वनी, घड्याळे, इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांचे सरकारी कारखाने आले, आणि अलीकडे संगणकाशी संबंधित कंपन्या. प्रत्येकाला वार्षिक अहवाल लागतो, माहितीपत्रक लागते. तेथे संचालकाला भेटण्याची खटपट व्यर्थ होय. माहितीपत्रक तयार करणारा जाहिरातसंस्थेतील कलाकार, किंवा छापखान्यातील माणूस, हा खरा दुवा. काम वेळेवर मिळाले नाही तर बोलणी त्यालाच खावी लागतात; म्हणून वेळ पाळणाऱ्याचे नाव तो विसरत नाही. लग्ने आणि मुंजी यांना कमी लेखणारे नवशिके पुष्कळ असतात. घरभाडे मात्र बहुधा त्यांतूनच निघते.

पहिले काम मिळाल्याच्या आनंदात एक गोष्ट हमखास राहून जाते : हे चित्र कोणाचे? १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, गिऱ्हाइकाने सांगून आणि मोबदला देऊन घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते गिऱ्हाईकच ठरते. स्वतःहून घेतलेले चित्र मात्र छायाचित्रकाराचे. म्हणजे शेंगांच्या जत्रेची ती आठ चित्रे त्याची, आणि कारखान्याच्या माहितीपत्रकातील चित्रे कारखान्याची. जगात याच प्रश्नावरून १९४७ साली रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ आणि त्यांचे सहकारी एकत्र आले आणि 'मॅग्नम' ही छायाचित्रकारांची स्वतःच्या मालकीची संस्था निघाली. नवशिक्याला अशी संस्था काढता येणार नाही, परंतु काम घेण्यापूर्वी अर्ध्या पानाचे पत्र लिहिता येते : कोणत्या उपयोगासाठी, किती चित्रे, किती मोबदला, त्यातील आगाऊ किती, आणि हक्क कोणाकडे. हक्क लिहून दिले पण मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षे धरतो.

असे पत्र पुढे केल्यास गिऱ्हाईक निघून जाईल, ही भीती आरंभी वाटतेच. काही जण जातातही. जे राहतात त्यांची नावे, दूरध्वनी क्रमांक आणि दिलेल्या चित्रांची यादी एका वहीत दिनांकानुसार लिहून ठेवावी. वर्षभराने नव्या माहितीपत्रकाची वेळ येते, तेव्हा त्या वहीत पाहून आपणहून दूरध्वनी करता येतो.