विंचवाचे विष आणि पेशींची दारे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण, करोल बाग)



सोने-चांदी गलाईच्या व्यवसायानिमित्त खानापूर-आटपाडीकडून करोल बागेत आलेली कितीतरी कुटुंबे आपल्यात आहेत. त्यांना विंचवाची ओळख करून द्यावयास नको. परंतु लाल विंचवाच्या विषाने माणूस का दगावतो, या प्रश्नाचा पाठपुरावा महाराष्ट्रातल्याच एका तरुणाने केला, हे सर्वांना ठाऊक असेलच असे नाही.

जालना जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेले मूल घामाने न्हाऊन निघे, त्यास ओकाऱ्या होत, हातपाय गार पडत आणि अखेर फुफ्फुसांत पाणी भरून ते प्राण सोडी. पाठ्यपुस्तके याविषयी जवळजवळ मूक होती. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. या पूर्वलक्षणांवरील त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला.

आत घडते ते असे. मज्जातंतूच्या आवरणात सोडियमच्या आयनांसाठी सूक्ष्म दारे असतात. संदेश जाताना ती सेकंदाच्या हजाराव्या भागात उघडतात व मिटतात. विष त्या दारास जणू पाचर मारते. ते मिटतच नाही. मज्जातंतू सतत चेतत राहतात, अॅड्रेनलीनसारख्या द्रव्यांचा पूर लोटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय हरते. ती द्रव्ये रक्तवाहिन्यांवरील ज्या ग्राहकांना चिकटतात, ते ग्राहकच बावस्करांनी प्रॅझोसिन या रक्तदाबावरील गोळीने अडविले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरांत तीसच्या आसपास दगावत; ते प्रमाण पाचांच्याही खाली आले. प्रॅझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, हे त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी २०११ साली दाखवून दिले. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली.

याच लाल विंचवाच्या विषातून १९९० साली आयबेरिओटॉक्सिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. ते पोटॅशियमच्या एका विशिष्ट दारासच अडविते. म्हणून अशा दारांचा अभ्यास करणाऱ्या तरुण संशोधकांचे ते जगभर हत्यार झाले आहे.

येथे बसलेल्या मुलामुलींपैकी कोणी उद्या मोठ्या प्रयोगशाळेत जाईल. त्याने एवढेच ध्यानी ठेवावे, की बिरवाडीस प्रयोगशाळा नव्हती; एक प्रश्न होता आणि तो न सोडणारा एक माणूस होता.