यादी हजेरीपटावरून करू या
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मघाशी शाळेच्या दहावीच्या निकालाची टक्केवारी वाचली गेली. टाळ्या मीही वाजवल्या. पण टक्केवारीत परीक्षेला बसलेलेच मोजतात. नववीत थांबलेला किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसलेला पोरगा त्यात येत नाही. 2021 साली कोरोनामुळे दहावीची परीक्षा झालीच नाही. अंतर्गत मूल्यमापनावर राज्याचा निकाल लागला 99.95 टक्के! आकडा एकटा सगळं सांगत नाही.

मी गणितात नापास झालो होतो. पासाला 35 हवे, मिळाले 27. ऑक्टोबरची वारी ठरली. राजापेठेत सर दिसले की मी सायकल गल्लीत घालायचो. एका संध्याकाळी तेच घरी आले. बाबांना म्हणाले, "भाऊ, पोराले उद्यापासून सकाळी सहाला पाठवा." फी विचारली, तर म्हणाले, "पास झाला का चहा पाजा." ऑक्टोबरात 41 मिळाले. मार्चचा निकाल तेव्हा लागून गेला होता. माझ्या पास होण्यानं शाळेची टक्केवारी वाढणार नव्हती, हे सरांना ठाऊक होतं. सर आज समोर बसले आहेत.

आपल्यातले सात-आठ जण नववीनंतर दिसले नाहीत. आजही ते आले नाहीत, कारण निमंत्रणाची यादी आपण दहावीच्या निकालावरून केली. पुढच्या वेळी ती आठवीच्या हजेरीपटावरून करू या. त्यात सगळ्यांची नावं आहेत.