स्वस्त निविदा, महाग बिल
(जिल्हा बैठकीतील भाषण)



बैल घ्यायला बाजारात गेलो की आपण नुसती किंमत विचारत नाही. दात बघतो, खांदा बघतो, वैरण किती लागेल याचा अंदाज घेतो. सरकारी निविदेत मात्र कागदपत्रं पुरी असली की सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम. गावच्या पाणीयोजनेचा पंप असाच येतो. तो वीज किती खाईल, हे कुणी विचारत नाही.

आम्ही शेतकी कॉलेजात पंपाची कार्यक्षमता शिकलो. तोच हिशेब इथे मांडतो. समजा, एक पंप तासाला साडेसात युनिट घेतो. दुसरा तेवढंच पाणी सहा युनिटांत चढवतो, पण २० हजारांनी महाग आहे. रोज आठ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर फरक ३,६०० युनिटांचा. युनिटला सात रुपये धरा, झाले २५,२०० रुपये. जादा पैसे वर्षाच्या आत फिटले. दहा वर्षांत स्वस्त पंपानं अडीच लाख खाल्ले. ठेकेदार पैसे घेऊन गेला, विजेचं बिल गावाच्या पाणीपट्टीवर. बिल थकलं की वीज तुटते आणि मायबहिणींच्या डोक्यावर पुन्हा हंडा.

साहेब म्हणतात, नियम आडवा येतो. केंद्राचे २०१७ चे सर्वसाधारण वित्तीय नियम काढून बघा. नियम १७३ म्हणतो, ठरवून दिलेली विजेची उपकरणं घेताना ठरलेले स्टार असलेच पाहिजेत. २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी ठरावीक कामांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन द्यायला मुभा दिली. दिल्लीला आपल्या कचेऱ्यांसाठी हे कळतं, मग गावाच्या पंपासाठी का नाही?

कमी दराला आमचा विरोध नाही. सरकारी कंपनीनं एलईडी दिवे घाऊक मागवले तेव्हा २०१४ मध्ये दर ३१० रुपये होता, स्पर्धेनं २०१६ मध्ये तो ३८ वर आला. आमचं म्हणणं एवढंच, की कमी दर म्हणजे पंपाची किंमत अधिक दहा वर्षांचं बिल.

ग्रामसभेत तीन गोष्टी मागा. ही अट निविदा निघण्याआधीच लिहा, मागून घातलेली अट मर्जीतल्या माणसाची सोय करते. पंप बसल्यावर पाणी आणि युनिट गावासमोर मोजा. मापात उतरल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

बैल पारखणाऱ्याला पंप पारखता येत नाही, असं आम्हाला कुणी सांगू नये.