भिंतीतली वीज आणि कामगाराचा हात



युनियनच्या माणसाला विज्ञानाशी काय करायचे, असे आपण म्हणाल. कॉलेजची पायरी मी चढलो नाही. पण उद्या कामगाराच्या हातात जे येणार, ते आज समजून घेणे हे युनियनचेच काम आहे.

कुडाची भिंत आपण पाहिली आहे. कारव्या ताण सोसतात, माती त्यांना धरून ठेवते. धागा आणि राळ यांचा संमिश्र पत्रा त्याच जातीचा. सौर घटावरच्या चांदीच्या रेघा आजही स्क्रीन प्रिंटिंगने छापतात. तारांऐवजी अशाच छापील रेघा पत्र्याच्या थरांत घालाव्या आणि उन्हाची वीजही त्याच पत्र्यात साठवावी, असा शास्त्रज्ञांचा प्रयत्न आहे.

लोकलच्या डब्याचे छप्पर मे महिन्यात किती तापते, हे ठाणे-कल्याणकरांना सांगायला नको. १४ जुलै २०१७ रोजी रेल्वेने दिल्लीला छपरावर सौर पट्ट्या असलेली डिझेल गाडी सुरू केली. दिव्यापंख्यांना उन्हाची वीज मिळाली. पण पट्ट्या आणि बॅटऱ्यांचे ओझे डब्याला निराळे वाहावे लागले. हे ओझे वाचावे म्हणून स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठाने कार्बनच्या धाग्यालाच बॅटरीचा ध्रुव केले. २०२४ साली त्यांनी किलोमागे ३० वॉट-तास साठवण जाहीर केली. नेहमीची लिथियम बॅटरी याच्या कितीतरी पट साठवते. पण ती भार वाहत नाही, हा पदार्थ अॅल्युमिनियमइतका ताठ आहे.

मात्र सुटी बॅटरी बिघडली तर नटबोल्ट काढून बदलता येते. भिंतच बॅटरी झाली तर? कापताना आत वीज उरली आहे की नाही, हे कामगाराला कोण सांगणार? राळेत घट्ट बसलेले धातू आणि धागे मोडीत निघाल्यावर वेगळे कोण करणार? २०२२ साली सौर पट्ट्या ई-कचऱ्याच्या नियमांत आल्या, बॅटऱ्यांसाठी निराळे नियम झाले. दोन्ही एकाच पत्र्यात असतील, तर जबाबदारी कोणाची? हा वाद मिटेपर्यंत माल भंगारवाल्याच्या दारात पोचलेला असेल.

म्हणून वागळे इस्टेटपासून डोंबिवली एमआयडीसीपर्यंतच्या कामगारांनी आजच तीन गोष्टी मागाव्या. पत्र्यात काय आहे, हे त्यावर मराठीत लिहिलेले असावे. उरलेली वीज बाहेरूनच काढून टाकण्याची सोय असावी. आणि हे काम आयटीआयमध्ये माल बाजारात येण्याआधी शिकवले जावे.

यंत्राला आमचा विरोध नाही. १८५३ साली ठाण्याला आगगाडी आली, तिच्यावर आपली गावे वाढली. नवी वस्तू जोडणाऱ्याला ती निर्धोकपणे उघडताही यावी, एवढेच आमचे मागणे आहे.